शब्दचर्चा : मेमरी, स्मृती आणि ‘आभासी स्मृती’

विचारणा

फोनच्या माहितीत ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी मेमरी’ असं लिहिलेलं दिसतं. रॅम हीसुद्धा मेमरीच ना? मग ‘स्मृती’ नेमकं कशाला म्हणायचं? आणि ‘आभासी स्मृती’ म्हणजे प्रत्यक्षात नसलेली स्मृती का?

उत्तर

‘मेमरी फुल झाली’ म्हणताना आपल्या मनात फोटो-व्हिडिओंनी भरलेली जागा असते. संगणकशास्त्रात तिला साठवण म्हणतात. नुसतं ‘मेमरी’ म्हटलं, तर प्रोसेसर जिथून सूचना आणि डेटा थेट उचलतो ती जागा, म्हणजे मुख्यतः रॅम. एसएसडीवर, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या साठवणीच्या चिपवर, पडून असलेला प्रोग्रॅम तिथल्या तिथे चालत नाही. त्याचा हवा तो भाग आधी रॅममध्ये यावा लागतो. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शेकडो पट. म्हणून मी रॅमला ‘स्मृती’ आणि एसएसडीला ‘साठवण’ असंच लिहितो. फोनच्या माहितीतही ‘१२८ जीबी साठवण’ हवं.

वीज गेली की रॅम कोरी होते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण वीज चालू असतानाही तिला सगळं धरून ठेवण्यासाठी झटावं लागतं. तिथला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरवरचा विद्युतभार. तो झिरपत राहतो, म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते.

त्यावर प्रतिसाद

इतक्या विसराळू वस्तूला ‘स्मृती’ म्हणावं का, असा प्रश्न पडतो. चार्ल्स बॅबेज यांनी एकोणिसाव्या शतकात आखलेल्या ॲनालिटिकल इंजिन या यांत्रिक संगणकातल्या या भागाला ‘स्टोअर’, म्हणजे कोठार म्हटलं होतं. ‘मेमरी’ हा शब्द ठळकपणे दिसतो तो गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या एडव्हॅक या संगणकावरील १९४५ च्या मसुद्यात. त्यात त्यांनी यंत्राच्या भागांची मेंदूतल्या चेतापेशींशी तुलनाही केली होती. आज शब्द बदलणं शक्य नाही आणि गरजही नाही. मात्र ‘स्मरणशक्ती’ टाळा. ती क्षमता आहे, जागा नव्हे.

‘आभासी’विषयी

इथे जरा थांबायला हवं, कारण या शब्दाने बराच गोंधळ केला आहे. आभासी असतो तो पत्ता, म्हणजे स्मृतीतली जागा दाखवणारा क्रमांक. प्रोग्रॅमला वाटतं, आपल्याला पत्त्यांची एक मोठी, स्वतंत्र जागा मिळाली आहे. प्रत्यक्षात त्याची पानं, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, रॅममध्ये इथे-तिथे विखुरलेली असतात. एक पान सहसा ४०९६ बाइटचं. कोणतं पान कुठे आहे याची नोंद ऑपरेटिंग सिस्टिम पेज टेबलात ठेवते आणि प्रोसेसर प्रत्येक वेळी त्या नोंदीवरून खरा पत्ता काढतो. त्यामुळे दोन प्रोग्रॅम अगदी तोच पत्ता वापरत असले, तरी एकाच्या डेटाला दुसऱ्याचा हात लागत नाही. उलट, अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) एकच प्रत रॅममध्ये ठेवून ती सगळ्यांना दाखवताही येते. प्रत्येक प्रोग्रॅमपुढे दिसणारे स्मृतीच्या वापराचे आकडे बेरजेत रॅमपेक्षा जास्त भरतात, त्याचं हे एक कारण.

आभासी स्मृती म्हणजे डिस्कवरची उसनी जागा, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते अपुरं आहे. डिस्कवर पानं हलवणं म्हणजे स्वॅप, आणि तो या व्यवस्थेचा एक उपयोग झाला. स्वॅप बंद केला तरी पत्ते आभासीच राहतात. मूळ कल्पना जुनी आहे: १९६२ साली सुरू झालेल्या मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात कोअर मेमरी (चुंबकीय कड्यांची वेगवान स्मृती) आणि ड्रम (फिरत्या चुंबकीय नळकांड्यावरची संथ साठवण) मिळून प्रोग्रॅमरला एकच सलग स्मृती दिसे. मला ‘आभासी पत्त्यांची स्मृती’ जास्त नेमकं वाटतं. लांब आहे खरं, पण पहिल्यांदा समजावताना तेच वापरावं.

‘पेज फॉल्ट’चं ‘पानदोष’ करू नका, ही विनंती. बहुतेक वेळा तो दोष नसतोच. प्रोग्रॅमने मागितलेलं पान अजून रॅममध्ये नाही, एवढंच त्यातून कळतं. ऑपरेटिंग सिस्टिम ते आणून देते आणि अडलेली सूचना पुन्हा चालते. प्रोग्रॅम सुरू होताना तर हे सतत घडतं, कारण सगळी पानं आधीच आणत बसत नाहीत. ‘अनुपस्थित पान’ म्हटलं तर अर्थ लागतो.

पुन्हा विचारणा

आणि ‘मेमरी लीक’? ‘गळती’ बरोबर आहे का?

उत्तर

चालेल, पण काय गळतं ते सांगा. बाइट कुठे वाहून जात नाहीत. प्रोग्रॅमने मागून घेतलेली जागा काम झाल्यावर परत केलेली नसते, त्यामुळे मोकळी स्मृती घटत जाते. गळती होते ती या मोकळ्या जागेची. सर्वसाधारण प्रोग्रॅम बंद झाला की त्याने अडवलेली पानं ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते. म्हणून महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या सर्व्हरवर ही गळती जास्त नडते.