विषय: गणेश चवथीच्या पत्रकातील तापाची ओळ

म्हापशाहून:
सप्रेम नमस्कार. पत्रक उद्या छपाईला जायचे आहे, म्हणून लगेच लिहिते. ‘ताप 102च्या पुढे गेल्यास डॉक्टरांना दाखवावे’ ही ओळ तान्ह्या बाळांच्या रकान्यात राहता कामा नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर दुसरे लक्षण नसले तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे लागते, कारण रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग या वयात सुरुवातीला नुसत्या तापातूनच दिसू शकतो.

मडगावहून:
वहिनी, मसुदा आरोग्य समितीने वाचून मंजूर केलेला आहे आणि बदल सुचवायचे असतील तर ते समितीमार्फत यावेत, अशी विनंती. सहाव्या आठवड्याची लस दिल्यावर कित्येक बाळांना ताप येतो. तुमची ओळ छापली तर त्या सगळ्या आया रात्रीच बांबोळीला गोमेकॉकडे (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाकडे) धावतील.

काणकोणहून:
भाई, धावल्या तर धावू द्यात. आमच्याकडून बांबोळी किती लांब आहे, हे मडगावकरांना जाणवत नाही. माझ्या भाच्याला ताप जेमतेम होता आणि घरातली वडीलधारी माणसे त्याला सर्दी म्हणून मधाचे बोट चाटवत होती. बहिणीने झबले वर केले, तेव्हा प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या आणि श्वास सोडताना तो कण्हत होता. 108ला फोन केला म्हणून तो वेळेवर पोचला. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा अधिक आणि त्यानंतर वर्षापर्यंत 50 किंवा अधिक भरले, तर थांबू नये, हे पत्रकात कुठेच नाही.

साखळीहून:
मधाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. वर्षाच्या आत मध देऊच नये. त्यातल्या बोट्युलिझमच्या जंतूंमुळे बाळाला बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, मान आणि अंग लुळे पडते, आणि घरचे मात्र बाळ शहाण्यासारखे निजले आहे असे समजतात.

म्हापशाहून:
भाईंचा लसीचा मुद्दा रास्त आहे, म्हणून ओळ अशी करावी: ‘तीन महिन्यांच्या आत 100.4 किंवा अधिक ताप आल्यास सकाळची वाट पाहू नये. लसीनंतरच्या दोन दिवसांत ताप आला आणि बाळ नीट पीत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. बाळाने दूध सोडले, ते उठवूनही उठेना, त्याला झटके आले, ओठ निळे पडले किंवा हिरवी उलटी झाली, तर वय व ताप न पाहता 108ला फोन करावा.’ अंग गार पडणे आणि टाळू फुगणे यांचीही त्यात भर घालावी. समितीने आज रात्री होकार कळवावा, आणि 108 हा आकडा जाहिरातींच्या खाली न जाता पत्रकाच्या माथ्यावर मोठ्या टाइपात यावा.