तीन चाकी की चार चाकी? आधी लिफ्ट मोजा

वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून मोबिलिटी स्कूटर (चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवर चालणारी छोटी गाडी) घ्यायची आहे, तीन चाकी बरी की चार चाकी, असं तुम्ही विचारलंय. आधी टेप घेऊन लिफ्टचं दार आणि आतली जागा मोजा. दादरच्या आमच्या जुन्या इमारतीत आईची चार चाकी लिफ्टमध्ये वळायचीच नाही, उलटी बाहेर काढावी लागायची. तीन चाकी कमी जागेत वळते, पण वेगात वळवली किंवा तिरक्या उतारावर नेली तर कलंडण्याची भीती जास्त. आपल्याकडचे उखडलेले पेव्हर ब्लॉक बघता गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे तेही पाहा.

बॅटरीचं मात्र मनावर घ्या. लेड-ॲसिड स्वस्त पण जड. पावसाळाभर गाडी उभी राहिली आणि मध्ये चार्जिंग केलं नाही, तर बॅटरी कायमची खराब होऊ शकते. आमची अशीच गेली. लिथियम हलकी, काढून घरात चार्ज करता येते. विमानाने नेणार असाल तर काढता येणारी एकच लिथियम बॅटरी असल्यास ३०० वॉट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) मर्यादा आहे, एअरलाइनला आधी कळवा.

आणि दुकानात बाबांनाच बसवा. गाडी चालवायचा हँडलवरचा लिव्हर सोडला की ब्रेक लागतो. तो लिव्हर धरून ठेवणं त्यांच्या बोटांना जमतंय का, ते बघा.