शब्दचर्चा : बॉब कुणाचा मामा आणि जॅक कुणाचा पोऱ्या?

प्रश्न : एखादी कृती सांगून झाली की ब्रिटिश लोक शेवटी 'अँड बॉब्ज युअर अंकल' असं जोडतात. अर्थ 'की झालंच' असा लागतो. पण हा बॉब कोण, आणि काका कुणाचा? 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स'मधला जॅक कोण, तेही सांगा.

प्रतिसाद १

काका नव्हे, मामा. नेहमी सांगतात ती गोष्ट अशी : 1887 मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी आर्थर बाल्फोर यांना आयर्लंडचे मुख्य सचिव नेमलं. बाल्फोरची आई सॉल्सबरींची सख्खी बहीण, आणि सॉल्सबरींचं नाव रॉबर्ट, म्हणजे बॉब. मामाच पंतप्रधान, मग अडतंय कुठे!

गोष्ट झकास आहे, पण तारखा साथ देत नाहीत. हे शब्द छापील सापडतात ते 1924 मध्ये, स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात लागलेल्या एका रंगमंचीय कार्यक्रमाचं नाव म्हणून. टोमणा 1887 चा असता, तर विरोधी वर्तमानपत्रांनी तो 37 वर्षं खिशात ठेवला असता का? उलट, सतराव्या शतकाच्या अखेरच्या चोरभाषेच्या कोशात 'ऑल बॉब' म्हणजे 'सगळं ठीक, धोका नाही' अशी नोंद आहे. मला तो धागा जास्त पटतो.

वापरताना जागा सांभाळा. हे शब्द सोप्या पायऱ्यांच्या शेवटीच शोभतात : 'दोन स्क्रू सैल करा, झाकण ओढा, की झालंच.' किचकट कामाला लावले तर थट्टा वाटते. अमेरिकेत फारसे ऐकू येत नाहीत.

प्रतिसाद २

तारखांचीच कसोटी 'रॉबिंग पीटर टु पे पॉल'ला, म्हणजे पीटरला लुटून पॉलचं देणं भागवण्याला, लावा. म्हणे लंडनच्या सेंट पीटर चर्चचं, म्हणजे वेस्टमिन्स्टरचं, उत्पन्न तिथल्याच सेंट पॉल चर्चच्या डागडुजीला वळवलं, त्यावरून हे आलं. वेस्टमिन्स्टरला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा होता 1540 ते 1550, त्या काळातली ही हकिगत. पण पीटरला लुटून पॉलला देण्याची भाषा जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मपंडिताच्या लेखनात 1380 च्या सुमाराला आहे. म्हणजे इथे उलटं झालं : शब्द आधी, गोष्ट मागाहून चिकटवलेली. पीटर आणि पॉल ही जोडनावं, दोन्ही 'प'ची, एवढं पुरेसं होतं.

मराठीत 'ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर'. एका क्रेडिट कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डातून भरणाऱ्याला दोन्ही भाषांत हेच म्हणता येईल. फक्त 'टोपी घालणे' लिहू नका, ती फसवणूक झाली.

प्रतिसाद ३

कसोटीला उतरणारंही एक नाव आहे. लंडनच्या पोलिसाला 'बॉबी' म्हणतात तो रॉबर्ट पील यांच्यामुळे. गृहमंत्री असताना त्यांनी 1829 मध्ये लंडनचं पोलीस दल उभं केलं. आडनावावरून 'पीलर'ही म्हणत. मुंबईत हवालदाराला 'पांडू' म्हणतात, तसलाच सलगीचा प्रकार.

प्रतिसाद ४

जॅक मात्र कुणी एक माणूस नाही. जॉनला 'किन' हा लाडिक प्रत्यय लागून जँकिन, त्याचं जॅकिन, मग जॅक. नाव इतकं बोकाळलं की जॅक म्हणजे कोणीही गडी, हरकाम्या पोऱ्या. पुढे पोऱ्याचं काम करणाऱ्या वस्तूलाही तेच नाव पडलं. बूट ओढून काढायला टाच अडकवायची खाचेची फळी, ती बूटजॅक. मांस भाजताना सळई फिरवायला आधी पोरगं बसवत. त्याच्या जागी आलेलं यंत्र तेही जॅक. पंक्चर झाल्यावर गाडीखाली घालतो तो याच घराण्यातला, आणि आपण वशिल्यासाठी 'जॅक लावला' म्हणतो तो त्याच्यावरून.

पत्त्यांत पहा. या पानाचं जुनं इंग्रजी नाव 'नेव्ह', म्हणजे मुलगा, नोकर. एकोणिसाव्या शतकात पानांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला लागले तेव्हा नेव्हचं 'केएन' आणि किंगचं 'के' यांची गल्लत व्हायची. हातात पानं पंख्यासारखी धरली की कोपराच दिसतो ना! म्हणून 'जे' रुळला. मराठीतला 'गुलाम' नेव्हच्या जास्त जवळचा.

'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स' 1618 मध्ये छापलेलं सापडतं. 'मास्टर ऑफ नन', म्हणजे 'एकातही पारंगत नाही', हे शेपूट अठराव्या शतकातलं. भाषांतरात चूक इथेच होते. शेपूट नसेल तर बहुधा 'हरहुन्नरी' चालेल. शेपटासकट आलं तर ती निंदा, तिथे 'एक ना धड, भाराभर चिंध्या'.

प्रतिसाद ५

जॅकच्या नादात 'जॅकफ्रूट' त्यात ओढू नका. तिथे कुठलाच जॅक नाही. मल्याळममधला 'चक्क', त्याचा पोर्तुगिजांनी 'जाका' केला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या वनौषधींवरच्या ग्रंथात तो शब्द आहे. इंग्रजांनी कानाला ओळखीचं वाटलं म्हणून जॅक केलं. कोकणात आपला फणस तेवढा फणसच राहिला.