संमेलनाच्या व्यासपीठावर विद्यार्थ्यांची प्रकरणे मांडावीत का?

कडेची खुर्ची (धागाकर्ता)

विद्यापीठांतील समुपदेशक आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारे इतर कर्मचारी यांच्या वार्षिक संमेलनाला मी नऊ वर्षे नेमाने जात आहे. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा अभिप्रायासाठी सदस्यांकडे आला असून त्यात ‘प्रकरण-मांडणी’ची, म्हणजे समुपदेशकाने आपल्याकडे आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची हकीकत व्यासपीठावरून मांडण्याची, चार सत्रे पुन्हा ठेवलेली आहेत. ही चारही सत्रे खुल्या सभागृहातून काढून टाकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने एका विद्यार्थिनीचे प्रकरण मांडले. नाव बदलले होते, वय एका वर्षाने कमी केले होते, संस्थेचा उल्लेख नव्हता. जुळ्या बहिणींपैकी एक, हाताच्या दुखापतीमुळे वादन सोडावे लागलेली आणि नंतर सांख्यिकीकडे वळलेली मुलगी, एवढेच वर्णन होते. माझ्यापुढे दोन रांगांवर बसलेल्या एका बाईंनी शेजारणीकडे वळून हळूच त्या मुलीचे खरे नाव उच्चारले. ती मुलगी शाळेत असताना त्यांच्याच हाताखाली शिकलेली होती. सभागृहात तीनशे माणसे होती आणि वक्त्याला यातले काहीही कळले नाही.

ओळख एखाद्या तपशिलातून फुटत नाही, ती तपशिलांच्या बेरजेतून फुटते. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लॅटन्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिले होते की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पोस्टाचा क्रमांक एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे हुडकता येण्याजोगे ठरतात. विद्यापीठ तर त्याहून कितीतरी लहान जग आहे. आपल्या व्यवसायाचा इतिहासही हेच सांगतो. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी ‘अ‍ॅना ओ.’ या टोपणनावाने जिचे प्रकरण छापले, तिचे खरे नाव १९५३ मध्ये फ्रॉइड यांच्या चरित्रकाराने जाहीर करून टाकले. तोपर्यंत ती समाजकार्यातील एक मान्यवर स्त्री म्हणून जगून १९३६ मध्ये वारलेली होती, त्यामुळे तिला विचारण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

संमती घेतली की प्रश्न मिटतो, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याच्याकडे पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे आहे, त्याच व्यक्तीने मागितलेली परवानगी विद्यार्थी कितपत मोकळेपणाने नाकारू शकतो? प्रशिक्षणासाठी अनेक प्रकरणांतून बांधलेली संमिश्र उदाहरणे वापरावीत, असा माझा प्रस्ताव आहे.

तिसरा मजला

प्रस्तावाला माझा विरोध आहे, आणि तो सौम्य शब्दांत मांडण्याची मला गरज वाटत नाही.

मी एका संस्थेतील एकटा समुपदेशक आहे. अमेरिकेतील ‘आयएसीएस’ ही समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी संस्था दर १००० ते १५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ व्यावसायिक असावा, असे सुचवते. माझ्या वाट्याला त्याच्या काही पट विद्यार्थी येतात. माझ्या मजल्यावर दुसरा समुपदेशक नाही, पर्यवेक्षक नाही, आणि एखाद्या विद्यार्थ्यामुळे रात्री झोप लागली नाही तर सकाळी ते सांगावे असे समान व्यवसायातले माणूस नाही. वर्षातून दोन दिवस मी अशा लोकांमध्ये बसतो ज्यांना माझे काम समजावून सांगावे लागत नाही. तेथून खरी प्रकरणे काढून टाकली, तर उरते ते मी घरी बसून वाचू शकतो.

संमिश्र उदाहरणांविषयी माझा अनुभव असा की ती फार शहाणी असतात. त्यांतील विद्यार्थी ठरल्याप्रमाणे तिसऱ्या भेटीत मन मोकळे करतो, आणि समुपदेशकाकडून घडलेली चूकही शिकवण्यास सोयीची असते. चार वर्षांपूर्वी एका सहकारी बाईंनी व्यासपीठावरून सांगितले की त्यांनी आत्महत्येचे विचार येणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून ‘मी स्वतःला इजा करणार नाही’ अशा कागदावर सही घेतली होती, आणि सही मिळताच त्यांना स्वतःलाच हायसे वाटले. अशा लेखी हमीने धोका कमी होतो याला भक्कम पुरावा नाही, हे त्यांनी वाचलेले होते. तरीही त्यांनी ती घेतली. मग स्टॅन्ली आणि ब्राउन या मानसशास्त्रज्ञांची सुरक्षा-योजना, म्हणजे धोक्याच्या खुणा, स्वतः करता येतील अशा गोष्टी, कोणाला फोन करायचा, घातक साधने कशी दूर ठेवायची, हे सगळे विद्यार्थ्याबरोबर बसून त्याच्याच शब्दांत कसे लिहायचे, यावर तासभर बोलणे झाले. ती पद्धत मला आधीही माहीत होती. मात्र ‘मीही अशीच सही घेतली आहे’ हे मी त्या दिवशी प्रथम कबूल केले. बनवलेल्या उदाहरणातून अशी कबुली निघत नाही.

पूर्वार्ध

मी समुपदेशक नाही. विद्यार्थीदशेत दीड वर्ष मी समुपदेशन घेतले आणि माझे प्रकरण अशाच एका संमेलनात मांडले गेले. मला आधी विचारण्यात आले होते. मी होकार दिला, आणि तो देताना नकार दिला तर पुढची वेळ मिळणार नाही, अशी भीती माझ्या मनात होती. तसे कोणी सूचितही केले नव्हते. माझ्या समुपदेशक अतिशय सज्जन होत्या. भीती तरीही होती.

पण मला नंतर राग आला तो याचा नाही. माझ्याविषयी काय सांगितले गेले, ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. ती चार पाने मला वाचायला दिली असती तर कदाचित मी एखादे वाक्य बदलायला सांगितले असते, कदाचित काहीच नाही.

गणनवही

धागाकर्त्यांना एक नम्र प्रश्न. जुळी बहीण, दुखावलेला हात, सोडलेले वादन, सांख्यिकी. ज्या मुलीची ओळख तीनशे जणांपुढे उघडी पडल्याचे दुःख आपण व्यक्त केले, तिचे तेच वर्णन आपण येथे किती जणांपुढे ठेवले आहे?

कडेची खुर्ची (धागाकर्ता)

प्रश्न रास्त आहे आणि तो लागला. त्या विद्यार्थिनीला जुळी बहीण नाही, ती वादक नव्हती आणि सांख्यिकीही शिकलेली नाही. नाव उच्चारणाऱ्या व्यक्तीशी तिचे नातेही मी बदलले आहे. आता आपण म्हणाल की मग वेश पालटून प्रकरण मांडता येते, हे मीच सिद्ध केले.

ते पूर्णपणे खरे नाही. तपशील कोणते होते याला माझ्या मुद्द्यात काहीच महत्त्व नव्हते, म्हणून मला ते निर्धास्तपणे बदलता आले. प्रकरण-मांडणीत तपशील हेच प्रकरण असते. जिचे वादन सुटले तिच्या दुःखाचा आकार वादनाने ठरतो. तिला धावपटू केले तर शरीराशी असलेले नाते बदलते, गुरूशी असलेले नाते बदलते, आणि श्रोते एका अस्तित्वात नसलेल्या मुलीबद्दल निष्कर्ष काढतात. थोडे बदलले तर ओळख उरते, पुरेसे बदलले तर सत्य उरत नाही. वैद्यकीय नियतकालिकांनीही याच कारणाने नुसत्या वेशांतरापेक्षा रुग्णाच्या संमतीवर भर दिलेला आहे. ‘पूर्वार्ध’ यांचे लिहिणे वाचल्यावर मात्र संमतीविषयी मी जे दोन ओळींत उरकले, ते अपुरे होते हे मला मान्य आहे.

दालन क्रमांक दोन

मी आयोजन समितीत काम केले आहे, त्यामुळे सभागृहात प्रत्यक्षात कोण बसते, हे सांगतो. समुपदेशक असतात, तसे प्रशासकीय अधिकारी असतात, वसतिगृहांचे प्रमुख असतात, आणि भेटीच्या वेळा ठरवून देण्याच्या संगणक-प्रणाली विकणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधीही असतात, कारण बाहेरच्या दालनात त्यांचे मांडव असतात व चहाच्या सुटीनंतर त्यांना आत येण्यापासून कोणी अडवत नाही. यांतील निम्म्यांवर कोणत्याही व्यावसायिक आचारसंहितेचे बंधन नाही. पडद्यावर नवी स्लाइड आली की शंभर फोन वर उचलले जातात. गोपनीयतेचा वाद तत्त्वाचा आहे खरा, पण तो बराचसा दरवाजाचाही आहे.

काही संमेलनांत ‘चॅथम हाउस नियम’ लागू असल्याचे जाहीर करून सर्वजण निश्चिंत होतात. १९२७ मधील या नियमाचा अर्थ एवढाच की ऐकलेली माहिती वापरण्यास मुभा आहे, परंतु ती कोणी सांगितली आणि तेथे कोण उपस्थित होते, हे उघड करू नये. म्हणजे संरक्षण मिळते ते बोलणाऱ्याला. ज्याच्याविषयी बोलले गेले तो विद्यार्थी त्या खोलीत नसतोच, आणि माहिती वापरायची मोकळीक तर नियमानेच दिलेली आहे. आपल्या कामासाठी याहून उलटा नियम शोधूनही सापडणार नाही.

पर्याय आहेत. मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांसाठी सुरू केलेले गट दहा-बारा जणांचे असत, आणि तेथे रुग्णापेक्षा डॉक्टर व रुग्ण यांच्यातील संबंधावर बोलणे होई. बोस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ १९९५ मध्ये कर्करोगाने वारले; त्यांच्या नावाने चालणाऱ्या बैठकांत कर्मचारी रुग्णाच्या निदानाची चर्चा करत नाहीत, त्या कामाने आपल्यावर काय परिणाम केला, ते बोलतात. ‘तिसरा मजला’ यांना जी कबुली मोलाची वाटली, ती सही घेणाऱ्या समुपदेशकाची होती. तिच्यासाठी त्या विद्यार्थ्याची जन्मकथा लागली होती का?

तिसरा मजला

थोडी लागली होती. ती सही कोणाकडून घेतली, हे कळल्याशिवाय ती घ्यावीशी का वाटली, हे कळत नाही.

लहान गटांना माझी हरकत नाही, हिशेबाला आहे. तीनशे प्रतिनिधींचे दहा-दहाचे गट केले तर तीस अनुभवी संचालक लागतील. ते न मिळाल्यास गटांची संख्या कमी होईल, जागा मोजक्या राहतील, आणि त्या मोठ्या केंद्रांतून येणाऱ्या, आधीपासून परस्परांना ओळखणाऱ्या लोकांना मिळतील. ज्यांच्याकडे रोज सहकारी आहेत त्यांना आणखी सहकारी मिळतील.

शिवाय एक गोष्ट विसरली जाते. १९६९ मध्ये बर्कली येथे विद्यापीठाच्या आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञाला एका विद्यार्थ्याने आपला खुनाचा विचार सांगितला होता. विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले गेले, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात ठेवून सोडले, आणि जिला धोका होता त्या टाटियाना टारासॉफ हिला कोणीच सांगितले नाही. तिचा खून झाला. अशा वेळी धोक्यातील व्यक्तीच्या संरक्षणाची जबाबदारी उपचार करणाऱ्यावरही येते, असा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिलेला निकाल आज जगभर समुपदेशकांना शिकवला जातो. तो आपण एका खऱ्या प्रकरणातूनच शिकलो.

गणनवही

ते प्रकरण न्यायालयाने उघड केले, समुपदेशकाने नव्हे. हा फरक लहान नाही.

आणि ज्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आहे, त्याच्या प्रकरणाचे काय करणार? जिनिव्हा जाहीरनाम्यात, म्हणजे डॉक्टरांच्या आधुनिक शपथेत, डॉक्टर रुग्णाचे गुपित त्याच्या मृत्यूनंतरही जपण्याचे वचन देतो. समुपदेशकाला निराळा न्याय लावण्याचे कारण मला दिसत नाही. पण सर्वांत जास्त बोलण्याची गरज त्याच समुपदेशकाला असते, हेही मी जाणतो.

दालन क्रमांक दोन

अशा प्रकरणांसाठी खुले सत्र कोणत्याही परिस्थितीत असू नये, असे मी समितीला लिहिणार आहे. उरलेल्यांसाठी तडजोड सुचवतो: दोन सत्रे बंद दाराआड, केवळ व्यावसायिक गोपनीयतेने बांधलेल्यांसाठी, फोन बाहेर ठेवून, जागा देताना एकट्याने काम करणाऱ्यांना प्राधान्य, समुपदेशन संपून किमान वर्ष उलटल्यानंतरच मांडणी, आणि मजकूर विद्यार्थ्याने आधी वाचलेला असावा.

कडेची खुर्ची (धागाकर्ता)

शेवटची अट पाळली जाणार असेल, तर मी बंद सत्रांना विरोध करणार नाही. खुल्या सत्रांबाबतचे माझे मत बदललेले नाही.

तिसरा मजला

यंदा मांडण्यासाठी मी एक प्रकरण लिहून ठेवले आहे. ‘पूर्वार्ध’ यांचे लिहिणे वाचल्यावर, हे त्या विद्यार्थ्याला वाचून दाखवायचे झाले तर, अशा दृष्टीने मी ते काल रात्री पुन्हा वाचले. दोन ठिकाणी थांबलो. एक वाक्य त्याच्या आईविषयी होते आणि त्याची प्रकरणात काही गरज नव्हती. ते मी काढले. दुसरे त्याच्याविषयी होते, खरे होते, आणि त्याच्यासमोर ते उच्चारण्याचे धैर्य माझ्यात नाही. ते अजून तसेच आहे. मसुद्यावरील माझा विरोधी अभिप्राय मी समितीकडे पाठवला आहे, प्रकरण पाठवलेले नाही.