अठरा पूर्ण झालेल्या मुलांच्या निवाऱ्यासाठी शासनदरबारी पाठपुरावा कोठून सुरू करावा?

प्रश्न (संस्थेतील कार्यकर्ती, पुणे)

बालगृहातून वयाच्या अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आमची लहानशी संस्था काम करते. काम म्हणजे कॉट बेसिसवर जागा शोधणे, अनामत रक्कम भरणे आणि घरमालकाने ‘पालकांना घेऊन या’ असे सांगितले की पालक म्हणून जाऊन उभे राहणे. शाळेत जन्मतारीख 1 जून लावली गेलेली मुले आमच्याकडे बरीच असल्यामुळे दर वर्षी ऐन पावसाच्या तोंडावर एकदम धावपळ उडते. गेल्या जूनमध्ये एक मुलगा पत्र्याची पेटी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बारावीची गुणपत्रिका घेऊन आमच्या दारात आला, तेव्हा कळले की आधीच्या चार रात्री त्याने बसस्थानकावर काढल्या होत्या.

एकेकाची सोय लावत बसण्यापेक्षा ही वेळच येऊ नये यासाठी शासनाकडे पाठपुरावा करावा, असे मला वाटते. आमच्या विश्वस्तांचे म्हणणे असे की हे राजकारण झाले आणि त्यापायी देणग्या अडचणीत येतील. त्यांची भीती कितपत खरी आहे? आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर 1 (निवृत्त परिविक्षा अधिकारी)

ताई, नवीन कायदा मागण्याआधी असलेला कायदा वाचावा. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 मध्ये अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहासारखी संस्था सोडणाऱ्या मुलास आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ असे म्हटले आहे; ‘द्यावेच लागेल’ असे म्हटलेले नाही, आणि सारी गोम तेथेच आहे. 2016 च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार बालकल्याण समितीच्या आदेशाने एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, अनुरक्षण सेवा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार (आफ्टरकेअर), मिळू शकते. सहा ते आठ जणांच्या गटासाठी तात्पुरत्या सामूहिक निवासाची तरतूदही त्या नियमांत आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा 4,000 रुपये आहेत, पण ते आदेश निघाल्यावर. आदेश कोणी मागितलाच नाही, तर मुलगा दारातून बाहेर पडतो आणि फाइल कपाटात जाते. माझ्या नोकरीत अशा फायली मी स्वतः बंद केल्या आहेत, हे कबूल करतो.

म्हणून माझ्या मते मागणी एकच आणि बारीक असावी: मुलाला अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी समितीपुढे अनुरक्षणाचा प्रस्ताव गेला पाहिजे आणि बालगृह सोडतेवेळी आदेशाची प्रत त्याच्या हातात असली पाहिजे. ‘युवकांचे बेघरपण संपवा’ असे निवेदन दिले, तर त्यावर ‘आवक’चा शिक्का पडतो आणि पुढे काहीच घडत नाही.

उत्तर 2 (वकील, मुंबई)

विश्वस्तांची भीती अनाठायी नाही, पण अवाजवी आहे. मार्च 2020 मध्ये इंडियन सोशल ॲक्शन फोरमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने एखाद्या प्रश्नावर बंद किंवा तत्सम मार्गाला पाठिंबा दिला, एवढ्याच कारणावरून तिला परदेशी देणग्या नाकारता येणार नाहीत. तुम्ही तर केवळ निवेदन देणार आहात. उमेदवाराचा प्रचार आणि पक्षाला देणगी यांपासून मात्र चार हात दूर राहावे.

माहितीच्या अधिकारातील अर्ज संस्थेच्या नव्हे, तर स्वतःच्या नावाने करावा, कारण तो अधिकार नागरिकाला आहे. गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यातील किती मुलांनी अठरा वर्षे पूर्ण केली आणि किती जणांचे अनुरक्षणाचे आदेश निघाले, एवढेच विचारावे. या दोन आकड्यांतील तफावत हाती आली की तारांकित प्रश्नासाठी, म्हणजे सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नासाठी, आमदारांकडे जाता येते. तोपर्यंत जाऊ नये.

उत्तर 3 (बालगृहात वाढलेला, सध्या नोकरीत)

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी एक गोष्ट राहिली. अनाथांना शासकीय नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण 2018 मध्ये मिळाले, त्यामागे स्पर्धा परीक्षेत अडलेल्या एका अनाथ तरुणीची स्वतःची धडपड होती. आमच्यासाठी बोलणाऱ्या संस्थांच्या बैठकीत मात्र मला दोनदा स्वागतगीत म्हणायला बोलावले आणि मसुदा एकदाही दाखवला नाही.

मसुदा दाखवला असता तर मी सांगितले असते की, नागरी बेघरांचा निवारा हे आमच्या प्रश्नाचे उत्तर नाही. दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय हा निकष प्रत्यक्षात आला, तरी तेथे वृद्ध, आजारी, व्यसनी अशा सर्वांमध्ये अठरा वर्षांच्या मुलाने रात्र काढायची आणि सकाळी मुलाखतीला जायचे, हे मी करून पाहिले आहे. दुसरे असे की, भाडेकरारावर आणि पोलीस पडताळणीच्या अर्जावर कायमचा पत्ता काय लिहायचा, हा प्रश्न 4,000 रुपयांनी सुटत नाही. बालगृहाचा पत्ता वापरण्याची लेखी परवानगी मला मिळाली नव्हती, म्हणून दोन खोल्या हातच्या गेल्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा तिघांची आभारी आहे. माहितीचा अर्ज या आठवड्यात माझ्या नावाने टाकते. पत्त्याच्या परवानगीचा मुद्दा आमच्या यादीत नव्हता. तो निवेदनात दुसऱ्या क्रमांकावर घेत आहे. दादा, मसुदा तयार झाला की सही करण्याआधी तुम्हाला पाठवला तर चालेल का? बैठक रविवारी ठेवली तर तुमची सुट्टीही वाया जाणार नाही, आणि त्या दिवशी स्वागतगीत नसेल.