अनुभव धागा: तोंडाचा कॅन्सर आणि नेटवरची माहिती

पेशंट हल्ली मोबाईलवर वाचूनच दवाखान्यात येतात. वाचलेल्यातलं काय टिकतं, काय फसवतं आणि ते कशावरून ओळखायचं, हे या क्षेत्रातल्या मंडळींनी लिहावं. नुसतं 'डॉक्टरांना विचारा' नको.

दाढदुखी (दंतवैद्य, नागपूर)
नेटवरची इंग्रजी पानं बहुतेक वेळा खोटी नसतात, पण दुसऱ्या मुलखातल्या पेशंटसाठी लिहिलेली असतात. कारणांच्या यादीत सिगारेट, दारू आणि एचपीव्ही हा विषाणू वर. सुपारी असलीच तर तळाला. एचपीव्हीचा संबंध मुख्यतः टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरशी आहे. आपल्याकडे रोग बरेचदा गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत धरतो, म्हणजे खर्रा किंवा मावा दाबून ठेवतात तिथेच. म्हणून पान उघडलं की आधी सुपारी आणि मिश्री यांचा उल्लेख शोधा. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा २००४ चा अहवाल सांगतो. 'बिनतंबाखूचा मसाला चालतो' म्हणणारं पान तिथेच बंद करावं.

तोंड कमी उघडण्याबद्दल काही लिहिलंय का, तेही बघा. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली ताठ पट्टे तयार होतात, तो सबम्यूकस फायब्रोसिस. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जात नसतील, तर तोंड दाखवून घ्यावं.

स्लाइडवाली (पॅथॉलॉजी)
सगळ्यात घातक वाक्य म्हणजे 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो'. बायोप्सीत, म्हणजे या तपासणीत, जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, तोही जखमेच्या कडेचा. मधला भाग बरेचदा मेलेला असतो, तिथून घेतला तर रिपोर्ट अर्धवट येतो. अफवेचं मूळ असं: तुकडा तपासतात, माणूस घाबरून चार महिने उपचार टाळतो, रोग आपल्या गतीने वाढतो आणि खापर तुकड्यावर फुटतं.

रिपोर्टमध्ये 'डिस्प्लेशिया' असेल तर तो कॅन्सर नव्हे, त्याच्या आधीची अवस्था. स्टेजचे तक्ते मात्र तारीख बघूनच वाचा. स्टेज ठरवायच्या एजेसीसी नियमावलीच्या २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत गाठीची खोलीही मोजतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल तर ती टी-१ (सगळ्यात खालची पायरी) राहत नाही, टी-२ होते. जुन्या पानावर ती टी-१च दिसेल.

संदर्भविभाग
पान तपासायला 'डिस्सर्न' नावाची प्रश्नावली आहे: १६ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. माहिती कुठून घेतली, कधीची आहे, उपचार न केल्यास काय होतं हे दिलंय का, असं विचारते. घरी एवढे तीन प्रश्न पुरेत. आरोग्याच्या वेबसाइटवर 'हॉनकोड'चा विश्वासार्हतेचा शिक्का दिसला तर त्यावर विसंबू नका, तो देणारी संस्था २०२२ मध्येच बंद झाली.

सर्जनकाका
@संदर्भविभाग, डिस्सर्न मांडणी तपासते, मजकूर खरा आहे की नाही ते नाही. पैकीच्या पैकी गुण मिळवणारं पानही जुनाट सल्ला देऊ शकतं. उदाहरण मानेचं. 'मानेत गाठ हाताला लागत नाही, मग मान कशाला उघडायची?' असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. टाटा मेमोरियलने सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटवर हेच तपासलं, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले: मानेतल्या लसिका ग्रंथी, म्हणजे रोग पसरतो त्या, पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के हयात, गाठ येईपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. २०१५ च्या आधीचं पान या बाबतीत बाद समजा.

आणि 'कॅन्सर मुळासकट बरा' अशी औषधाची जाहिरात असेल तर पुढे वाचूच नका. १९५४ च्या औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या केंद्रीय कायद्याने ती गुन्हाच ठरते.

दाढदुखी
फोटोंचं राहिलंच. नेटवर मोठाल्या जखमा दिसतात, मग माणूस म्हणतो 'माझं तसं नाही'. सुरुवातीला असतो तो न दुखणारा, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, आणि लाल जास्त धोक्याचा. फोटो जुळवत बसू नका, दिवस मोजा: टोचणारा टोकदार दात दंतवैद्याकडून घासून घेतल्यावरही दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर तुकडा तपासायचा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फोन मोफत.