गल्ला मोजणं म्हणजे हिशेब नव्हे

खतावणी: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, "छोट्या दुकानदाराने वह्या कशाला लिहायच्या? ४४एडीत ८ टक्के नफा दाखवा, रात्री गल्ला मोजा, विषय संपला." ४४एडी, म्हणजे १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातलं, विक्रीचा ठरावीक टक्का हाच नफा धरू देणारं कलम, कराच्या सोयीसाठी आहे, धंदा किती कमावतो ते त्यातून कळत नाही. हार्डवेअरचं दुकान घ्या. महिन्याची विक्री ६ लाख. सुरुवातीचा माल ४ लाख, खरेदी ५.६ लाख, अखेरचा माल ४.३ लाख. म्हणजे विकला गेलेला माल ५.३ लाखांचा, ढोबळ नफा ७० हजार. भाडं, पगार, वीज ५२ हजार. उरले १८ हजार, म्हणजे ३ टक्के. मालक घरखर्चाला गल्ल्यातून २५ हजार उचलतो. ७ हजारांचा खड्डा होलसेलरच्या उधारीत दडतो, गल्ला मात्र रोज भरलेलाच. आणि ८ टक्क्यांच्या कागदावर कर्ज काढलं, तर हप्ता कुठून भरणार?

गल्लेवाला: दरमहा खिळे-वॉशर मोजायचे? या एकदा दुकानात.

टॅक्सभाऊ: आणि ८ कुठले, यूपीआय-बँकेतून आलेल्या विक्रीवर ६.

खतावणी: मान्य, ६. खिळे वर्षातून एकदा मोजा. रंग, वायर, पाइप, सिमेंट दरमहा, तेही खरेदीच्या भावाने.

२बीग्रस्त: माल सोडा, पैसा २बीत (माल देणाऱ्यांनी जीएसटीत दाखवलेल्या आपल्या खरेदी-बिलांची पोर्टलवरची यादी) अडकतो! १ लाखाच्या बिलावर १८ हजार जीएसटी आपण देतो, माल देणारा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरत नाही, क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) दिसत नाही. २० तारखेला जीएसटी भरताना तेच १८ हजार पुन्हा खिशातून. माझ्या वहीचा काय दोष?

खतावणी: १४ तारखेला २बी आली की बिलागणिक जुळवायची, ती तुम्ही मार्चमध्ये उघडता, हा दोष. निम्म्या वेळा नुसता जीएसटी नंबर चुकलेला असतो. वर्ष संपल्यावर ३० नोव्हेंबर उलटला की क्रेडिट गेलं. बिल २बीत दिसेपर्यंत होलसेलरची कराएवढी रक्कम रोखा.

गल्लेवाला: रोखा! तो सिमेंटची गाडी रोखेल. शिवाय १८० दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत तर क्रेडिट व्याजासकट परत करायचं, ते सोयीस्कर विसरलात.

टॅक्सभाऊ: कंपोझिशन (छोट्या दुकानदारांची जीएसटी योजना) घ्या, विक्रीवर १ टक्का भरा, सुटा.

२बीग्रस्त: वा! माझं निम्मं गिऱ्हाईक ठेकेदार. त्यांना माझ्या बिलावर क्रेडिट नाही मिळालं की ते शेजारच्या दुकानात. असले सल्ले फुकटच मिळतात.

गल्लेवाला: बरं, रंग आणि वायर मोजतो, झालं समाधान? उधारीची वही मात्र आमची चोख असते.

खतावणी: तिच्यावर गिऱ्हाइकाची सही आहे का? लेखी कबुली नसेल तर ३ वर्षांनी दाव्याची मुदत संपते.

गल्लेवाला: सही मागितली की गिऱ्हाईक रुसतं.